फ्लेक्सचे पैसे नाहीत

तीन ठिकाणी फोन केला.
पहिला म्हणाला, फोटो पाठवा.
दुसरा टेम्पोच्या हिशोबाने बोलत होता,
टेम्पो केवढा, ते मात्र सांगेना.
तिसरे निरभवणे. त्यांनी एवढंच विचारलं:
ताई, लिफ्ट आहे का?

लिफ्ट नाही. अंबडला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर निनादचा गाळा.
एकतीसच्या आत रिकामा झाला नाही
तर पंचवीस हजार डिपॉझिट मालकाचं.
निनाद पुण्यात. त्याचा फोन लागतो,
तो उचलत नाही.

निरभवणे पायऱ्या मोजतच वर आले. चौतीस.
शटर उघडलं.
एक्केचाळीस वॉटर प्युरिफायर, नुसती पांढरी कवचं,
कोपऱ्यात थर्माकोल छतापर्यंत,
आणि अकरा गोण्या वापरलेल्या कँडल:
सिडकोची, पाथर्डी फाट्याची, इंदिरानगरची
बोअरिंगची माती बसून तपकिरी झालेल्या.
जुनी द्या, नवी घ्या अशी त्याची स्कीम होती.
लोकांनी जुनी दिली.
कंपनीने नवी पाठवली नाही.

मी म्हटलं, एवढं सगळं नेताय,
तर आम्हाला किती द्याल?
ते हसले नाहीत. वहीत मध्ये रेघ मारली.
डावीकडे तुमचं, म्हणाले, उजवीकडे आमचं.

डावीकडे: लोखंडी रॅक, बासष्ट किलो, अठ्ठावीसने.
छोटे पंप अकरा, नगाला चाळीस, तांब्यासाठी.
पुठ्ठा पस्तीस किलो, नऊने. ओला निघाला तर सातने,
पण ओला नाही, हात लावून बघितला त्यांनी.
दोन हजार चारशे एक्याण्णव.

उजवीकडे: टेम्पो अठराशे.
दोन माणसं, सातशे-सातशे.
जिन्याचे चारशे.
आणि हजार, कोणीच घेत नाही त्या मालाचे.
त्याला काय लागतं हजार?
ताई, तो टाकायला जागा लागते.
जागेला पैसे लागतात.

हे मला कळायला हवं होतं. पतसंस्थेत
जामीनदाराच्या रकान्यात सही माझी आहे,
दर महिन्याच्या सातला सहा हजार दोनशे जातात,
तेही अशाच मालाचे,
जो कोणी घेत नाही.

एकवीसशे नऊ निघाले.
वरचे नऊ राहू द्या, म्हणाले निरभवणे,
आणि ते नऊ रुपये त्यांनी
इतक्या नीट खोडले, पट्टी धरल्यासारखे,
की मला एकदम पाणी प्यावंसं वाटलं.
एक्केचाळीस मशिनच्या त्या खोलीत
प्यायला पाणी नव्हतं.

शकूरने आणि त्याच्या मेहुण्याने
दीड तासात चौतीस पायऱ्या किती वेळा केल्या,
ते वहीत नव्हतं.
शेवटी भिंतीवरचा फ्लेक्स राहिला:
बारा बाय आठ, निनाद, कोट घातलेला,
हातात ग्लास, खाली लाल अक्षरांत
शुद्धतेची हमी, आणि मोबाईल नंबर.
कोट भाड्याचा होता. मीच आणला होता, शालिमारवरून.

शकूर म्हणाला, फाडू नका ताई,
याचे द्यायचे की घ्यायचे?
निरभवण्यांनी वही मिटली होती.
फ्लेक्सचे पैसे नाहीत, म्हणाले.

थर्माकोल उडू नये म्हणून
त्यांनी तो मालावर पांघरला,
दोरी नेमकी कपाळावरून आली.
टेम्पो लिंक रोडकडे वळला,
खड्ड्यात बसला की निनाद हातातला ग्लास
थोडा वर करायचा.
नाक्यावर एक रिक्षावाला शेजारी थांबून
नंबर वाचत होता, ओठ हलवत.

लाव, मी मनात म्हटलं.
लागतो.
तुझ्या नंबरवरून कदाचित
उचलेलही.